तेराव्याची बंदूक

६ ऑक्टोबर २०२४
जे. पी. नगर

अण्णा,

तुझ्या वकील वसुमती मॅडम काल आमच्याकडे आल्या होत्या. पत्र पाठवलं तर तुला मिळेल म्हणाल्या, पण तुरुंगात ते आधी उघडून बघतात. मराठी वाचणारा कोणी सापडेपर्यंत उशीर होईल, त्यापेक्षा कन्नडमध्ये लिहा, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, आमच्या घरात भांडणंसुद्धा मराठीतच होतात. त्या हसल्या. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

सात वर्षांत मी तुला काही लिहिलेलं नाही. अप्पा गेले तेव्हाही आपण बोललो नाही. तू पुढे पुरुषांमध्ये होतास, मी मागे नळाजवळ बसले होते. आता कामाचंच लिहिते.

जामिनाचा अर्ज करू नका, असं तू मॅडमना सांगितलंस. का, ते सांगितलं नाहीस. त्यांना तुझा खटला हरण्यासारखा वाटत नाही. त्यांनी मला समजावलं ते असं. मारहाणीच्या खटल्यात तुला तीन वर्षांची शिक्षा झाली. अशी शिक्षा भोगलेल्या माणसाने सुटल्यावर पाच वर्षं बंदूक बाळगायची नाही. तू २०२२ मध्ये सुटलास, म्हणजे ती पाच वर्षं अजून संपलेली नाहीत. पण सगळ्यांच्या देखत मामाने हातात दिलेली वस्तू क्षणभर धरली म्हणजे ती बाळगली असं होत नाही. बंदूक खरोखर तुझ्या ताब्यात होती, हे सरकारला सिद्ध करावं लागेल.

मी जे पाहिलं ते लिहून काढा, असं मॅडम म्हणाल्या. तेच इथे लिहिते. कुठे चुकलं तर कळव.

तेराव्याला मामाने तुझ्या डोक्यावर पागोटं बांधलं. त्यानंतर बंदूक. आपल्याकडे पूर्वी घराच्या नव्या कर्त्याच्या हातात तलवार देत असत. ती आजोबांच्या काळात गंजून मोडली, तेव्हापासून बंदूक देतात. तू म्हणालास, "मामा, नको. मला ते चालत नाही." मामा म्हणाला, "अरे, पाच मिनिटं धर. सरकार काय तेराव्याचं जेवायला येतंय?" सगळे हसले. तू दोन्ही हात पुढे केलेस. मामाच्या प्रदीपने फोटो काढला. पानं वाढून व्हायच्या आत तो आपल्या समाजाच्या ग्रुपवर गेला होता, खाली 'घराण्याचा नवा कर्ता' असं लिहून. पुढे तो पोलिसांपर्यंत कोणी पोचवला ते कळलेलं नाही. त्या ग्रुपात अडीचशे माणसं आहेत आणि अप्पांचं निम्म्यांशी पटत नव्हतं.

फोटो झाल्यावर तू बंदूक आईकडे दिलीस. तिला ती पेलेना, म्हणून मी एका बाजूने धरली. आम्ही दोघींनी ती आतल्या खोलीत नेली, लोखंडी कपाटात ठेवली, आईने कुलूप लावलं. म्हणजे तुझ्या हातात ती होती त्याहून जास्त वेळ माझ्या हातात होती.

परवाना अप्पांच्या नावाचा, तेव्हा त्यांच्यामागे ती पोलीस ठाण्यात जमा करायला हवी होती. मामा म्हणाला, पितृपक्ष तोंडावर आलाय, तो उरकू दे, गेलेल्या माणसाची वस्तू या दिवसांत घराबाहेर काढत नाहीत. आईने ऐकलं.

पोलीस आले त्या दिवशी मी पोचले तेव्हा ते कॉफी पीत होते आणि आई किल्ली शोधत होती. पुढचं तुला माहीत आहे.

आई बरी आहे. सकाळी थोडा वेळ भांड्यांचं दुकान उघडते. जामिनाचा विचार कर.

अनुषा


३ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

परवा दिवाळीला आईबरोबर मीही परप्पन अग्रहारच्या तुरुंगात आले होते. तू फक्त आईला भेटलास. मी बाहेर बाकावर बसून होते. माझ्या शेजारी एक बाई मुलासाठी डबा घेऊन आली होती. तिला आत डबा नेऊ दिला नाही, म्हणून तिने तो मला खायला लावला. चित्रान्न होतं, लिंबाचा पिवळा भात. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

आई बाहेर आली. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "तो म्हणतो, मला डॉक्टरला दाखव. मी विसरायला लागले आहे असं त्याला वाटतं. त्या दिवशी किल्ली सापडत नव्हती ना, म्हणून."

मी म्हटलं, "मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? हो म्हटलं."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आरोप ठेवतील त्या दिवशी तू गुन्हा कबूल करणार आहेस, असं तू त्यांना सांगितलंस म्हणे. त्यांनी खूप विचारलं तेव्हा कारणही सांगितलंस. सब-इन्स्पेक्टर मंजुनाथ तुला म्हणाले, "तू मान्य केलंस तर तुझ्या आईला स्टेशनात आणायची वेळ येणार नाही. नाहीतर कपाट तिचं, कुलूप तिचं, तिलाही विचारावं लागेल." आणि आई धड किल्ली कुठे ठेवली ते सांगू शकत नाही, ती पोलिसांपुढे काय टिकणार, असं तुला वाटतं.

मॅडम म्हणाल्या, या कलमाला किमान शिक्षा ठरलेली आहे आणि तुझी आधीची शिक्षा बघता न्यायाधीश दया दाखवणार नाहीत. दोन वर्षं तरी धरून चला, म्हणाल्या. आई बहात्तर वर्षांची आहे. दुकानाचं शटर तिला एकटीला उचलत नाही, शेजारच्या फुलवाल्या अक्का येऊन हात लावतात.

साक्ष द्यायला मी तयार आहे, हे मॅडमनी तुला सांगितलं. त्यावर तू म्हणालास, "तिला सांगा, एकदा कोर्टात बोललीस तेवढं पुरे झालं. या वेळी गप्प बस."

मॅडमना ते मला सांगायचं नव्हतं. मीच विचारून घेतलं.

नवऱ्याला विचारावं म्हणून शंतनुलाही मी विचारलं. तो म्हणाला, "तू जा ना. मी तुला स्टॉप करत नाहीये. फक्त त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं का, ते विचारू नकोस." मग त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्याकडे टीव्ही मोठाच असतो. तुझ्या मारानंतर डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, ते तुला माहीत आहे. तुझ्यावर राग आहे का, असं मी आता स्वतःला विचारत नाही. तेव्हा जे पाहिलं ते सांगितलं. आताही जे पाहिलं तेच सांगायचं आहे. पण तुझ्या मनाविरुद्ध मला ते सांगता येणार नाही. तू कबूल म्हणालास की साक्षीपुरावा होतच नाही, सगळं तिथेच संपतं.

मामा काल आईकडे आला होता. घाबरला आहे. म्हणाला, "मी त्या फोटोत नाहीच." आई म्हणाली, "दादा, बंदुकीखाली तुझाच हात आहे. अंगठी दिसते." मामा म्हणाला, "अंगठ्या काय एकट्या मीच घालतो?" आता ती अंगठी काढून ठेवली आहे त्याने. बोटावर पांढरा वळ दिसतो.

अनुषा


८ डिसेंबर २०२४

अण्णा,

पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं. मॅडमनी ते मला त्यांच्या मल्लेश्वरमच्या ऑफिसात वाचून दाखवलं. कन्नड कायद्याचं असलं की मलाही अवघड जातं.

त्यात फोटो आहे. तो असणार हे माहीत होतं. पण पुढे लिहिलं आहे की पोलीस घरी आल्यावर आरोपीने किल्ली लपवून ठेवली, शोधण्याचं नाटक करून तासाहून जास्त वेळ पोलिसांना थांबवलं, आणि शेवटी स्वतःच कपाट उघडून बंदूक काढून दिली. म्हणजे बंदूक कुठे आहे, किल्ली कुठे आहे, सगळं त्याला माहीत होतं. ताबा त्याचाच.

मॅडम म्हणाल्या, "फोटोचं उत्तर आहे माझ्याकडे. किल्लीचं नाही. तुमचा भाऊ म्हणतो, आई विसरली होती. आई म्हणते, मी विसरले होते. विसरणाऱ्या बाईला साक्षीला उभं केलं तर सरकारी वकील तिला पाच मिनिटांत गप्प करतील. मग किल्ली मुलाकडे नव्हती हे मी कोणाच्या तोंडून सांगू?"

मी पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, "काही सांगायचं आहे का?" मी नाही म्हटलं.

तिथून चालत आईकडे गेले. ती दुकानात पातेल्यांवरची धूळ पुसत होती. आरोपपत्रात काय आहे ते मी तिला सांगितलं. ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "त्याला कळता कामा नये."

मी म्हटलं, "आई, तो दोन वर्षं आत जाईल."

"दोन वर्षांनी बाहेर येईल. हे कळलं तर येणारच नाही."

गिऱ्हाईक आलं. इडलीपात्र दाखवा म्हणालं. आईने तीन प्रकारची दाखवली, एकात चोवीस इडल्या होतात, एकात सोळा, हे सगळं नीट सांगितलं. कुठल्या पात्राचं झाकण सैल आहे तेही. अण्णा, आई काही विसरत नाही.

हे पत्र तिथे कोणीतरी उघडून बघेल. म्हणून याच्यापुढे लिहीत नाही. तू एवढंच कर, आणखी एक तारीख पडेपर्यंत कबूल म्हणू नकोस.

अनुषा


१९ जानेवारी २०२५

अण्णा,

हे पत्र मॅडम स्वतः आणून तुला दाखवतील आणि वाचून झालं की परत घेतील. आईला मी सांगितलेलं नाही. पुढची तारीख दहा फेब्रुवारी आहे आणि त्या दिवशी आरोप ठेवणार आहेत. मी बरीच वाट पाहिली, की तुझं मन दुसऱ्या कशाने बदलेल.

किल्ली आईकडे नव्हती. माझ्याकडे होती. इथे, जे. पी. नगरला.

तेराव्याला आम्ही बंदूक कपाटात ठेवली, आईने कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "ही तू ने. इथे नको." मी सात वर्षांनी त्या घराच्या आत आले होते. तिने मला जेवलीस का म्हणूनही विचारलं नव्हतं. मी किल्ली पर्समध्ये टाकली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर तू पागोटं घालून पंगतीत वाढत होतास. दोघींना तुझा आवाज ऐकू येत होता.

पोलीस आले तेव्हा आईने स्वयंपाकघरातून मला फोन केला. हळू आवाजात म्हणाली, "किल्ली घेऊन ये. मी तोवर शोधते." तो फोन माझ्या मोबाइलवर अजून दिसतो, मॅडमनी पाहिला आहे. मी शाळेच्या ऑफिसातून निघाले, घरी जाऊन किल्ली घेतली, ऑटो केला. जयनगरला रस्ता खणला होता. ऑटोवाला म्हणाला, "स्वल्प थांबा मॅडम, रस्ता मी बांधलेला नाही."

तोपर्यंत काय झालं ते आईने मला नंतर सांगितलं. ती डाळीचे डबे उघडत होती, गाद्या उचलत होती, देवांच्या मागे हात घालत होती. तूही शोधायला लागलास. तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातलास. मंजुनाथ साहेब म्हणाले, "सरी, बरं, आरामात शोधा अम्मा," आणि दुसरी कॉफी मागितली. तू स्टुलावर चढून माळ्यावरची जुनी घमेली काढलीस. तेव्हा आई तुला म्हणाली, "नको रे, पडशील." किल्ली तिथे नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने तुला आणखी एक घमेलं काढू दिलं, कारण मी अजून पोचले नव्हते.

मी आले. म्हटलं, आईला बघायला आले. तू मला 'ये'सुद्धा म्हणाला नाहीस, पण बाजूला झालास. मी आत जाऊन किल्ली आईला दिली. तिने मोठ्याने म्हटलं, "सापडली, मिठाच्या बरणीमागे होती." तू तिच्या हातातून किल्ली घेतलीस, म्हणालास, "आई, तू बस. मी देतो काढून त्यांना." आणि कपाट उघडलंस. तिला पोलिसांसमोर बंदूक उचलायला लागू नये म्हणून. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

आईने तो सगळा वेळ शोधल्याचं नाटक केलं ते पोलिसांसाठी नव्हतं. पोलिसांना तिने सरळ सांगितलं असतं, किल्ली मुलीकडे आहे, मागवते. ते बसले असते. तू समोर होतास म्हणून ती बोलली नाही. अप्पांची बंदूक ज्या कपाटात आहे त्याची किल्ली तिने घराबाहेर पाठवली, तीही माझ्याकडे, हे तुला कळू नये म्हणून.

आई म्हातारी झाली, ती पोलिसांपुढे टिकणार नाही, असं समजून तू आत राहायला तयार झालास. तसं नाही. ती टिकेल. तुझ्यासाठी तासभर न सापडणारी किल्ली शोधणारी बाई आहे ती.

हे वाचून तुला काय वाटेल त्याचा अंदाज मला आहे. तू मला त्या खटल्यानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाला होतास, "आई कधी तुझ्यासारखी वागली नसती." ते माझ्या लक्षात आहे. म्हणूनच इतके महिने मी गप्प राहिले.

मी साक्ष दिली तर पोलीस माझंही नाव घालू शकतात. मॅडमनी स्पष्ट सांगितलं. घालतीलच असं नाही, पण किल्ली ज्याच्याकडे तो मोकळा, असं कायदा म्हणत नाही. आईवरही उशिरा जमा केल्याचं येऊ शकतं. मी शंतनुला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "म्हणजे त्याला सोडवायचं तर तू अडकणार." मी हो म्हटलं. "आणि आपल्या सिद्धीला शाळेत कोण सोडणार त्या दिवशी? मीच ना." तो उठून तिच्या दप्तरात डबा भरायला लागला. संध्याकाळचे सात वाजले होते.

दहा तारखेला तुला विचारतील. तू काय म्हणायचं ते तू ठरव. पण हे माहीत नसताना ठरवू नकोस.

अनुषा


११ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

न्यायाधीशांनी काल दोनदा विचारलं. पहिल्यांदा तू काही बोललाच नाहीस. कोर्टातल्या माणसाला वाटलं तुला ऐकू आलं नाही, म्हणून तो जवळ येऊन बोलला. मग तू "इल्ला" म्हणालास. नाही, कबूल नाही. मॅडमनी लगेच जामिनाचा अर्ज पुढे केला, त्यांनी तो आधीच तयार ठेवला होता.

आई माझ्या शेजारी बसली होती. तुला नेताना तू आमच्या समोरून गेलास. आईने हात वर केला. तू बघितलं नाहीस.

बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "तू त्याला सांगितलंस?"

मी म्हटलं, "हो."

तिने पदर नीट केला आणि बस स्टॉपकडे चालू लागली. मला बरोबर ये म्हणाली नाही.

अनुषा


१७ ऑगस्ट २०२५

अण्णा,

हे पत्र पीन्या भागातल्या तुझ्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझ्या ओळखीचे शिवाप्पा दुकानात कुकरच्या शिट्ट्या पोचवायला आले होते, त्यांनी पत्ता दिला. जामीन मिळाल्यापासून तू त्यांच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत राहतोस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आईने त्यांना विचारलं, "जेवतो कुठे?" ते म्हणाले, "मेसमध्ये, अम्मा." तिने त्यांच्याकडे मेथीचे लाडू दिले. ते तुला मिळाले का, ते त्यांनी सांगितलं नाही.

एकदा मी खरं बोलले तेव्हा तू तुरुंगात गेलास. आता खरं सांगितलं तर तू तुरुंगातून सुटलास आणि घर सोडलंस. या दोन्हींत माझं काय चुकलं ते मला सापडत नाही. सापडलं तर तू सांग.

सरकारी साक्षीदार संपले. मामाला त्यांनीच बोलावलं होतं. तो म्हणाला, प्रथा म्हणून हातात दिली, तू नको म्हणत होतास. हे त्याने कबूल केलं, अंगठीचंही केलं. मंजुनाथ साहेबांना मॅडमनी विचारलं, घरात शोधाशोध चालली होती तेव्हा आरोपी काय करत होता. ते म्हणाले, शोधत होता. कुठे? तांदळात, माळ्यावर. मॅडम म्हणाल्या, "किल्ली स्वतः लपवलेला माणूस तांदळाच्या पिंपात हात का घालेल?" साहेब म्हणाले, "नाटक असेल." तू हे सगळं ऐकत होतास. मी मागून तुझी मान बघत होते.

माझा जबाब पोलिसांनी घेतला. माझं नाव अजून आरोपींत घातलेलं नाही. शाळेने मला निकाल लागेपर्यंत ऑफिसातून काढून वाचनालयात बसवलं आहे. तिथे पगार तोच आहे आणि कोणी बोलत नाही. मला त्याचा त्रास नाही.

आता चार सप्टेंबरला आपल्या बाजूच्या साक्षी. आधी मी, मग आई. मॅडमनी आईला तयारीसाठी बोलावलं होतं, मी बरोबर गेले. मॅडम म्हणाल्या, "फोन तुम्ही केला, किल्ली मुलीने आणली, हे ठीक आहे. पण सरकारी वकील विचारणार, घरात कर्ता मुलगा असताना किल्ली दूर राहणाऱ्या मुलीकडे का दिली? काय सांगाल?"

आई म्हणाली, "ती जबाबदार आहे म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "सात वर्षं तिला घरात घेतलं नव्हतं तुम्ही. कोण विश्वास ठेवेल?"

"मग काय सांगू?"

"जे होतं ते."

आई माझ्याकडे वळली. मला वाटलं ती म्हणेल, अनुषा, तू बाहेर थांब. तसं म्हणाली नाही. म्हणाली, "मला त्याची भीती वाटली. नवरा गेलेला, मुलगा तुरुंगातून आलेला, दिवसभर कोणाशी बोलायचा नाही. तेराव्याला त्याने ती बंदूक धरली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याचा चेहरा पाहिला. मला भीती वाटली. दुसऱ्या कोणाला मारेल, स्वतःला मारेल, काय ते मला माहीत नाही. मी भ्याले."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "अम्मा, हेच सांगायचं. तुम्ही त्याला भीत होता, म्हणून बंदूक त्याच्यापासून दूर ठेवली. त्याचा ताबा नव्हता, कारण तुम्ही तो होऊ दिला नाही. याच्याइतकं मजबूत माझ्याकडे दुसरं काही नाही."

आई म्हणाली, "त्याच्यासमोर?"

"तो तिथेच असणार. आरोपी आहे."

परत येताना ऑटोत ती म्हणाली, "मी त्याला नऊ महिने वाढवलं, असलं काही मी बोलणार नाही. भ्याले तर भ्याले. पण माझं तोंड उघडेल की नाही, सांगता येत नाही." घरी आल्यावर तिने देवापुढे दिवा लावला आणि उभ्या उभ्या एकदा म्हणून बघितलं. 'मला माझ्या मुलाची' इथपर्यंत आली.

येत्या शनिवारी अप्पांचं वर्षश्राद्ध आहे. पिठोरी अमावस्येला ते गेले होते. गुरुजी साडेनऊला येतील. तू आलास तर तू करशील, नाही आलास तर मामा करेल. त्यासाठी मी तुला गळ घालत नाही. घरी यायला तुला वेळ लागेल.

पण चार तारखेसाठी मी एक मागते. इतक्या वर्षांत तुझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही.

तू कोर्टात मान खाली घालून उभा राहतोस. मी तिन्ही तारखांना पाहिलं. आई साक्षीला उभी राहिली की ती आधी तुझ्याकडे बघेल. वकिलाकडे नाही, न्यायाधीशांकडे नाही. तुझी मान खाली असली तर तिला वाटेल तुला लागलं, आणि ती थांबेल. मिठाच्या बरणीचं सांगायला लागेल, विसरले म्हणेल, काहीही म्हणेल, पण ते वाक्य म्हणणार नाही. आणि ते वाक्य झालं नाही तर तू आत जाशील.

तेव्हा तिच्याकडे बघ. रागाने बघ, चालेल. ती पुरतं बोलेपर्यंत नजर काढू नकोस.

अनुषा